तेरा दिवस कमी पडले

सोनौलीच्या कमानीखालून आम्ही सहा जण चालतच नेपाळात शिरलो. माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये तीन महिने खपून लावलेली कागदपत्रांची फाईल होती. सहा खण, प्रत्येक खणावर नावाची चिठ्ठी. सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने आत्याच्या बोचक्याकडे बोट करून ‘इसमें क्या है, माताजी?’ एवढंच विचारलं. आत्या म्हणाली, ‘दशम्या.’ त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने हात हलवला आणि आम्ही पलीकडे. नेपाळच्या बेलहियाच्या बाजूला तर तेवढंही नाही. सायकलरिक्षा, भाजीच्या गाड्या, दप्तर घेतलेली पोरं, सगळी त्याच कमानीतून ये-जा करत होती.

‘अहो, हीच का तुमची आंतरराष्ट्रीय सीमा?’ बायकोने विचारलं.

मी बँकेत आहे. लोकांचे केवायसीचे कागद तपासण्यात अठरा वर्षं गेली. नावातल्या एका वेलांटीवरून म्हाताऱ्या माणसाला परत पाठवल्याचं पाप माझ्या खात्यावर बरंच जमा आहे. त्यामुळे फाईलची थट्टा मी निमूट ऐकून घेतली. नऊ दिवसांनी काठमांडूच्या विमानतळावर तीच फाईल शेवटच्या खणापर्यंत उघडली गेली, आणि नेमका मी तिथे नव्हतो.

हे प्रकरण मे २०२३ चं आहे आणि नियम सांगतोय तेही तेव्हाचे. जाणाऱ्याने इमिग्रेशनच्या आणि काठमांडूतल्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर ते पुन्हा बघून घ्यावेत. नोटा आणि ओळखपत्रं या दोन बाबतींत तिकडचे नियम अधूनमधून बदलतात.

दारं दोन, नियम दोन

सांगलीत कोणालाही विचारा, नेपाळला काय लागतं? उत्तर येतं, ‘काही नाही हो, आधार असलं की झालं.’ हे निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं असल्यामुळेच माणूस फसतो. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारानं दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात ये-जा करायची, राहायची, धंदा करायची मोकळीक दिली. म्हणून व्हिसा नाही. साडेसतराशे किलोमीटरची सीमा उघडी आहे. रस्त्यानं जाताना भारतीयाला पासपोर्टही लागत नाही, ओळख पटेल असं कार्ड जवळ असलं म्हणजे पुरे.

विमानात बसायचं म्हटलं की माणसं तीच, करार तोच, पण हिशेब वेगळा. तिथे मोठ्या माणसाचे दोनच कागद चालतात: पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्यांचं आणि ६५ वर्षांवरच्यांचं. ही सवलतही २०१९ च्या जानेवारीतली. त्याआधी या दोन वयोगटांना पॅन, लायसन्स, रेशनकार्ड चालायचं आणि आधार तेवढं चालायचं नाही. १५ ते १८ मधल्या पोरांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र लागतं.

याला एक मोठी सवलत आहे. कुटुंब एकत्र प्रवास करत असेल आणि एका सज्ञान माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटो आणि नातं दाखवणारे दुसरे कागद चालतात: रेशनकार्ड, लायसन्स, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र वगैरे. मात्र कुटुंब म्हणजे कोण, हे नियमात कंसात दिलेलं आहे. नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि आईवडील. संपलं.

आम्ही जाताना रेल्वेनं गोरखपूर, तिथून शंभरेक किलोमीटर रस्त्यानं सोनौली असे जाणार होतो आणि येताना काठमांडूहून विमानानं दिल्लीमार्गे पुण्याला. आईचे गुडघे दोन्ही वेळचा रस्ता झेपण्यातले नव्हते. म्हणजे तयारी सोनौलीसाठी करायचीच नव्हती, करायची होती ती काठमांडूच्या चेक-इन काउंटरसाठी. फेब्रुवारीत हे डोक्यात शिरलं तेव्हा मी वहीचं पान घेऊन घरातली सहा माणसं मांडली.

माझा पासपोर्ट चालू होता. बायकोचा संपलेला, पण मतदार कार्ड होतं. आई ७२ वर्षांची, तिचं आधार चालणार. मुलगी ११ वर्षांची, तिचंही. फक्त तिच्या आधारवर ती चार वर्षांची होती आणि फोटोत रडत होती. पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर ठसे आणि फोटो नव्यानं द्यावे लागतात, ते आम्ही दोन्ही मुलांचं केलं नव्हतं. एका शनिवारी आधार केंद्रात जाऊन ते उरकलं. मुलगा १६ वर्षांचा. त्याचं पुढे सांगतो. आणि आत्या, ६४.

आत्या आमच्या कुटुंबात आहे की नाही हा प्रश्न आतोबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली तेव्हापासून कोणाला पडला नव्हता. त्या कंसात मात्र ती नव्हती.

आत्याचा १ जून

आत्याच्या आधारवर जन्मतारीख आहे १ जून १९५८. ज्यांच्या घरात त्या पिढीतलं माणूस आहे त्यांना ही तारीख कशी आली ते सांगायला नको. गुरुजींनी पहिलीत नाव घालताना सहा वर्षं मागं मोजायचं आणि १ जून टाकायचा. आमच्या तालुक्यात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. आत्याच्या मते ती दीड-दोन वर्षांनी मोठी आहे. पुरावा काय, तर कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती चौथीत होती आणि ‘वर्गात सगळ्यात थोराड मीच होते’. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. हिशेब बसतो. पण भूकंपाचा दाखला विमान कंपनी घेत नाही.

आमचं परतीचं विमान १९ मेचं ठरत होतं. कागदावर आत्या ६५ पूर्ण करणार १ जूनला. तेरा दिवस कमी पडत होते. ‘मग जूनमध्ये जाऊ’ असं आई सहज म्हणाली. पण जूनमध्ये तिकडे पावसाची सुरुवात, इकडे मुलीची शाळा. शिवाय नियमात ‘६५ वर्षांवरील’ असं आहे. म्हणजे पासष्ट पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी चालतं की सहासष्टावं संपावं लागतं, यावर काउंटरवरच्या माणसाशी वाद घालायची माझी तयारी नव्हती. मी स्वतः काउंटरच्या पलीकडे बसतो, वाद घालणाऱ्याचं काय होतं ते मला माहीत आहे.

मतदार कार्ड तिच्याकडे होतं. निवडणूक आयुक्त शेषन यांनी फोटोचं कार्ड सक्तीचं केलं त्या काळातलं, काळ्यापांढऱ्या फोटोचं, एमटीपासून सुरू होणाऱ्या तिरक्या रेघांच्या लांबलचक नंबरचं. ते २०१९ च्या महापुरात गावभागातल्या तिच्या घरात ट्रंकेत राहिलं होतं. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा पातळं वाळवता आली, कागद आले नाहीत. लॅमिनेशनच्या कडेनं पाणी आत शिरलेलं. होलोग्राम अजून चमकत होता, नंबर लागत होता, आणि फोटोच्या जागी कपाळाएवढा पांढरा डाग. आत्यानं ते तरी जपून ठेवलं होतं. ‘त्यात मी आहेच की,’ म्हणायची.

म्हणजे दोन वाटा उरल्या. पासपोर्ट, नाहीतर नवं मतदार कार्ड.

पासपोर्टची वाट सरळ वाटते. साधा काढला तर दीड हजार रुपये, साठीपुढच्यांना त्यातही दहा टक्के सूट. अडचण पैशाची नव्हती, नावाची होती. आत्याचं लग्नात नाव बदललेलं. नुसतं आडनाव नव्हे, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात ते पहिलं नावही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं चार अक्षरी नाव, आधारवर सासरचं दोन अक्षरी, त्यात रेशनकार्डावर ‘बाई’ लागलेलं आणि पॅनवर न लागलेलं. लग्नाची नोंदणी कोणी केली नव्हती, त्या काळी करायचंही नाही कोणी. ही सगळी माणसं एकच आहेत हे दाखवायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात असं करता येतं. पण फेब्रुवारीत सुरू करून, मग पोलीस पडताळणी, आणि मेमध्ये हातात पासपोर्ट, हे गणित मला जमेना. आत्यालाही ते पसंत नव्हतं. ‘एकदा पशुपतिनाथ करायचाय रे. त्यासाठी मी नवीन जन्म घेऊ का?’

राहिलं मतदार कार्ड. त्याला फॉर्म ८. दुरुस्ती, पत्ताबदल, खराब झालेल्या कार्डाऐवजी नवं कार्ड, सगळं एकाच फॉर्मात. इथे मी चुकलो आणि ते कबूल करतो. फेब्रुवारीत फॉर्म भरायचा तो मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भरला, कारण मतदार यादीत तिचं नावच सापडत नव्हतं. मी दोन अक्षरी नाव शोधत होतो, यादीत ते ‘बाई’ लावून होतं आणि पत्ता गावभागातला, पुराआधीचा. शेवटी मी आतोबांच्या नावावरून शोधलं. यादीत लग्न झालेल्या बाईमाणसाच्या नावाखाली बहुधा नवऱ्याचं नाव असतं, ते गेले असले तरी. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई घरी येऊन गेल्या, त्यांनी फोटो जुळवला, हसल्या, ‘पुरातली आहे होय’ म्हणाल्या. मला तारखा मोजता येत होत्या. कार्ड छापून टपालानं यायला आम्ही निघण्याआधी वेळ पुरणार नाही असं दिसू लागलं.

मोबाइल जोडल्यावर ई-कार्डाची पीडीएफ उतरवता आली. विमान कंपनीला फोन करून विचारलं. उत्तर मिळालं, मूळ कार्ड लागेल. मी तीनदा वेगवेगळ्या वेळी फोन केला, तिन्ही वेळा तेच. याला मी त्यांचा हट्ट म्हणणार नाही. ओळखपत्राशिवाय माणूस पोहोचवला तर निस्तरायचं त्यांनाच असतं.

आणखी एक मार्ग होता. काठमांडूत लैनचौरला आपला दूतावास आहे. कागद हरवलेल्या भारतीयाला तिथे परतीच्या एका प्रवासापुरतं ओळख प्रमाणपत्र किंवा आणीबाणीचं प्रमाणपत्र मिळतं. काही जण ‘तिथे जाऊन करून घ्या की’ असा सल्ला देतात. मला तो बरोबर वाटला नाही. ज्याचं पाकीट मारलं गेलं त्याच्यासाठी ती सोय आहे. आपण घरूनच अपुरे निघायचं आणि सुट्टीतले दोन दिवस दूतावासाच्या बाकावर घालवायचे, हे नियोजन नव्हे. शेवटी मी ठरवलं की आत्या जाईल तशीच येईल, रस्त्यानं, आणि तिच्यासोबत मी. विमानात चौघं: बायको, आई, दोन मुलं.

हा निर्णय झाला २ मेला. एवढ्यावर फाईल पूर्ण झाली असं मला वाटलं. आता कळतं, ती त्याच दिवशी अपुरी झाली होती.

ना शाळेतला, ना कॉलेजातला

मुलानं मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली होती. निकाल जूनमध्ये. म्हणजे मे महिन्यात हा मुलगा नेमका कोणाचा? शाळेचं ओळखपत्र मार्चपर्यंतचं, कॉलेज अजून लागलेलं नाही. कुटुंबाच्या सवलतीत तो बसत होता, त्यामुळे मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र नसतं तरी चाललं असतं असं मी धरून चाललो होतो. बायकोला ते पटलं नाही. ‘नियमात लिहिलंय ना पंधरा ते अठरा? मग घ्या की. शाळा काय लांब आहे?’

शाळा लांब नव्हती, बंद होती. शिपाई म्हणाला, सर सकाळी दहा ते बारा येतात, पेपर तपासणीची कामं असली तर तेही नाही. तिसऱ्या फेरीला सर भेटले. त्यांनी आधी जे दिलं ते आपलं नेहमीचं बोनाफाईड. ‘सदर विद्यार्थी या प्रशालेत इयत्ता दहावीमध्ये शिकत असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ वर्तणुकीबद्दल माझं मत राखून ठेवतो, पण नेपाळच्या विमानाला वर्तणूक नको होती. नमुना मी छापून नेला होता: इंग्रजीत, फोटो चिकटवलेला, फोटोवर अर्धा येईल असा शिक्का, जन्मतारीख, पत्ता, आईवडिलांची नावं.

सरांना एकच शंका होती. ‘परीक्षा झाली, आता तो आमचा विद्यार्थी कसा?’ शंका रास्त होती. सुटका लिपिकानं केली. जनरल रजिस्टर काढून त्यानं दाखवलं की शाळा सोडल्याचा दाखला गेलेला नाही, तोवर नाव आपल्याच पटावर आहे. सरांनी मान डोलावली.

मग आईच्या नावावर अडलं. लिपिक आमच्या रूढीप्रमाणे आईचं पहिलं नाव, मग माझं नाव, मग माझं आडनाव असं लिहायला लागला. बायकोनं लग्नानंतर नाव बदललेलं नाही. मतदार कार्डावर तिचं माहेरचं पूर्ण नाव आहे. आधारवर आणि रेशनकार्डावर मात्र ती माझ्या नावानं गेली आहे. ते कोणी मुद्दाम केलं नाही. फॉर्म भरणारा प्रत्येक जण भरताना नवऱ्याचं नाव आपोआप घालतो, मीही घातलंय. ‘माझ्या कार्डावर आहे तसं लिहा,’ ती म्हणाली. लिपिक म्हणाला, ‘वहिनी, आमच्या रजिस्टरला नुसतं आईचं नाव असतं, आडनाव नसतं.’ ‘मग आडनाव काय घालायचं ते मीच सांगणार ना?’ सर हसले, म्हणाले, लिही. मी खिडकीतून मैदान बघत उभा होतो. एवढ्यावरून कशाला ताणायचं, असं मनात म्हटल्याचं आठवतं.

तिकिटाचं त्याच दुपारी झालं. ज्या कागदावर उडायचं त्याच कागदावरचं नाव तिकिटावर. बायकोचं तिकीट माहेरच्या नावानं, आईचं आधारप्रमाणे वडिलांचं नाव मध्ये घेऊन. तीन शब्दांची मराठी नावं दोन चौकटींत बसवताना मधलं नाव कुठे जातं ते बघून घ्यावं लागतं. ते पहिल्या नावाच्या चौकटीत जातं आणि तिकिटावर मग नाव-बाप एकत्र जोडून छापले जातात. हे दिसायला वाईट, पण चालतं.

बाकीचं

पैशाचं थोडक्यात. त्या वेळी शंभरच्या वरची भारतीय नोट नेपाळमध्ये चालत नव्हती. २०१८ च्या डिसेंबरात तिथल्या सरकारनं दोनशे, पाचशे, दोन हजारच्या नोटांना बंदी घातली होती. माझ्या बँकेतून शंभराच्या गड्ड्या घेतल्या, हा एक नोकरीचा फायदा. दर ठरलेला आहे, भारतीय एक रुपया म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे, १९९३ पासून तोच. आईच्या बीपीच्या आणि आत्याच्या थायरॉइडच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पासपोर्ट आकाराचे फोटो प्रत्येकी सहा. ते संपले. सिमकार्डाला, परवान्याला, कुठे ना कुठे फोटो मागतातच. आमच्या शेजाऱ्यांनी स्वतःची गाडी नेली होती, त्यांना बेलहियाला भन्सार करावा लागला, म्हणजे तिथल्या जकात कचेरीचा परवाना. गाडी भावाच्या नावावर होती म्हणून संमतिपत्र नेलं होतं त्यांनी. गाडी नेणाऱ्यानं आरसी, विमा आणि मालकाची सही हे तीन आधी बघावेत. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये सन २०८० लिहिलेलं दिसलं तर घाबरू नये, तिकडे विक्रम संवत चालतो.

बेलहियाला एक गोष्ट बघितली ती सांगतो. रस्त्याच्या कडेला नेपाळच्या इमिग्रेशनचं छोटं ऑफिस आहे, आपली माणसं ते न बघताच पुढे जातात. तिथे एक जोडपं मराठीत भांडत होतं म्हणून आम्ही थांबलो. दोघंही पुण्याचे, राहायला अमेरिकेत. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय, तिचा अमेरिकन झालेला. तो चालत पलीकडे जाऊन परत आला होता. ती फॉर्म भरून पंधरा दिवसांच्या व्हिसाचे तीस डॉलर मोजत होती आणि तिच्याकडे पन्नासची नोट होती. तिचं म्हणणं, ओसीआय कार्ड आहे की, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते. ओसीआय भारतासाठी. नेपाळच्या दृष्टीनं ती अमेरिकनच. एका घरातली दोन माणसं, एक परदेशात आलेलं आणि एक नाही.

पोखऱ्यात सातव्या दिवशी, १६ मेला, हॉटेलच्या वायफायवर शेजारच्या वहिनींचा फोटो आला. स्पीड पोस्टचं पाकीट, त्यात आत्याचं नवं कोरं मतदार कार्ड, रंगीत फोटो. आत्यानं फोन हातात घेऊन बोटांनी मोठं करून बघितलं. ‘चांगलं आलंय,’ म्हणाली. पत्ता नवा होता. ‘बाई’ राहिली होती.

काउंटरवर

१९ मेला सकाळी सहाला मी आणि आत्या काठमांडूहून बसनं निघालो. चौघांचं विमान दुपारचं. आदल्या रात्री मी फाईलमधून आमच्या दोघांचे खण काढून घेतले आणि बायकोसाठी एक पत्र लिहिलं. मी या दोन मुलांचा बाप, ती आईबरोबर प्रवास करत आहेत, माझी हरकत नाही, खाली सही, सोबत पासपोर्टची प्रत. मला त्यात खूपच दूरदृष्टी दाखवल्यासारखं वाटलं होतं.

पुढचं बायकोनं विमानतळाच्या वायफायवरून सांगितलं तसं. नारायणगढच्या पुढे, बुटवलकडे जाणारा रस्ता तेव्हा रुंदीकरणासाठी उखडलेला, बस धुळीत डुलत होती आणि मी एका कानात बोट घालून ऐकत होतो.

काउंटरवरच्या मुलीनं आईचं आधार बघितलं, वय मोजलं, ठेवलं. मुलीचं बघितलं, ठेवलं. बायकोचं मतदार कार्ड तिकिटाशी ताडून बघितलं, अक्षर न् अक्षर जुळलं. मग मुलाचं आधार. सोळा वर्षं. तिनं विचारलं, हा कोण? माझा मुलगा. तिनं पुन्हा दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. आईचं आडनाव एक, मुलाचं दुसरं. मुलाच्या आधारवर बापाचं नाव, आणि बाप कुठे? बाप रस्त्यानं गेला. का? त्यांच्या आत्याबरोबर. यात खोटं काहीच नव्हतं, आणि बायको म्हणते, बोलताना तिलाच ते खोटं वाटू लागलं.

माझं पत्र दिलं. त्या मुलीनं ते वाचलं आणि विचारलं की ही सही करणारे गृहस्थ तुमचे नवरे, हे कशावरून? इथे मला बसमध्ये घाम फुटला. फाईलमधला प्रत्येक कागद माझ्याशी नातं सांगत होता. आई माझी, मुलं माझी, बायको माझी. मी मधला खुंटा धरून सगळं बांधलं होतं आणि मीच विमानात नव्हतो. आमच्या लग्नाचा नोंदणी दाखला, ज्यावर तिची दोन्ही नावं एका ओळीत आहेत, तो घरी कपाटात होता. २ मेला बेत बदलला तेव्हा तो फाईलमध्ये घालायला हवा होता. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला काउंटरवरून परत पाठवलं असतं.

बायकोनं रेशनकार्ड काढलं. ती नेपाळी मुलगी देवनागरी वाचणारच, लिपी एकच. तिनं मोठ्यानं वाचलं, ‘शि-धा-पत्रि-का’. अक्षरं बरोबर, अर्थ लागेना. आतल्या पानावर ‘पत्नी’ कळलं. ‘मुलगा’वर अडली. ‘छोरा, छोरा,’ बायको म्हणाली, नऊ दिवसांत तेवढं नेपाळी आलं होतं. काउंटरवरची मुलगी हसली. पण पत्नीच्या समोर नाव माझं लावलेलं होतं, कार्डावरचं नव्हे. हसून झाल्यावर तिनं तेही दाखवलं.

मग मुलानंच आठवण केली, ‘आई, शाळेचं ते.’ मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र त्याच्या खणात सगळ्यात मागं होतं. फोटो, फोटोवर अर्धा आलेला जांभळा शिक्का, वडिलांचं पूर्ण नाव, आणि त्याखाली आईचं पूर्ण नाव, मतदार कार्डावर आहे तसं, आडनावासकट. तिनं कार्ड आणि प्रमाणपत्र शेजारी धरलं, ओळीखाली नख फिरवलं आणि बोर्डिंग पास छापायला घेतला.

‘कुणी सांगितलं होतं आडनाव घालायला?’ बायकोनं फोनवर विचारलं. मी म्हटलं, इथे आवाज तुटतोय. तुटत नव्हता.

आम्ही दोघं सोनौलीला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. आत्यानं बुटवलपासूनच आधार कार्ड पिशवीतून काढून हातात धरलं होतं, रुमालात गुंडाळून, धुळीनं खराब व्हायला नको म्हणून. कमानीखाली जवान बाकावर बसला होता. आत्या त्याच्यासमोर थांबली, रुमाल सोडला आणि कार्ड पुढे केलं.

‘जाइए माताजी, जाइए,’ तो म्हणाला.

आत्या हलली नाही. ‘अरे, बघ तरी एकदा,’ म्हणाली.